मनातली सखी

राळेगाव तालुक्यात कपास वेचताना दिवसभर सोबत असते, पण रात्री मनातलं सांगायला कोणी नसतं. सुमारे ७०० वर्षांपूर्वी गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबायची. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. आपल्या आज्याही जात्यावर त्याला भाऊ, सखा मानून ओव्या गायच्या.

अशी सोबत मनात घडवता येते. रोज १० मिनिटं शांत बसा. आधी जागा ठरवा: माहेरचं अंगण, कडुनिंबाची सावली. तिथला वास, वारा आठवा. मग सखीला नाव द्या, चेहरा द्या, दिवसभराचं सगळं सांगा. तिच्या उत्तराची घाई करू नका, सवयीनं जमतं. उठताना तिचा निरोप घ्या अन् कामाला लागा.

ही सखी आपल्याच मनाची, हे ध्यानात ठेवा. नको असताना आवाज येऊ लागले, धमकावू लागले, जीव द्यायला सांगू लागले, तर एकटीनं सोसू नका. घरच्यांना, गटातल्या बाईला सांगा, सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र लागतो. गटाच्या पुढच्या बैठकीत आपण यावर बोलू या.