यांत्रिक करवत : घरगुती की धंद्याची?



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूच्या नारळी-पोफळीच्या, आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले. वाटेवर आडवा पडलेला जुना आंबा कुऱ्हाडीने तोडून बाजूला करायचा म्हणजे काय कष्ट असतात, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. तेव्हा आता पुष्कळ बागायतदारांच्या घरी यांत्रिक करवत, म्हणजे बाजारात जिला चेनसॉ म्हणतात ती, घ्यायचे घाटत असते. आणि दुकानात गेले की प्रश्न उभा राहतो : घरगुती घ्यावी, की लाकूडतोडीचा धंदा करणारे वापरतात ती मधल्या आकाराची घ्यावी?

दुकानदार पहिल्याने सांगतो तो आकडा सीसीचा. सीसी म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो ती, घन सेंटिमीटरमध्ये. गुरुजींनी वर्गात घालावे असे हे उदाहरण आहे. नळकांड्याचा व्यास ४.२५ सेंटिमीटर, दट्ट्याची धाव ३.२ सेंटिमीटर, वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावा, उत्तर येते सुमारे ४५.४. स्टिल या जर्मन कंपनीच्या एमएस २५० या करवतीचे हे माप आहे. घरगुती आणि शेतकामाच्या करवतींत ही पुष्कळांना माहीत आहे. तिची ताकद २.३ किलोवॅट, आणि पट्टी व साखळी सोडून वजन ४.६ किलो.

आता त्याच कंपनीची धंद्याची मधली करवत घ्या, एमएस २६१. ती ५०.२ सीसीची, ३ किलोवॅटची आणि ४.९ किलोची. म्हणजे सीसी वाढले दहा टक्क्यांच्या आसपास, ताकद मात्र तीस टक्के वाढली. आणि वजन वाढले ते पावशेराहून थोडेसेच जास्त. मग सीसीवरून ताकद ओळखायची कशी? ओळखता येत नाही, हेच तर सांगायचे आहे. शिंगे पाहून बैल घ्यावा तसा तो प्रकार होईल.

खरा फरक अंगात आहे. घरगुती करवतीचे इंजिन बहुधा प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेले असते. हे प्लॅस्टिक चांगले टणक असते, उगीच नाक मुरडण्याचे कारण नाही, पण नळकांडे किंवा दट्ट्या खराब झाला तर सगळे इंजिन बाहेर काढावे लागते, आणि मिस्त्री म्हणतो, "एवढ्या मजुरीत नवीनच घ्या ना!" धंद्याच्या करवतीचा सांगाडा मॅग्नेशियमचा असतो. तो हलका, उष्णता बाहेर टाकणारा, आणि वरचे नळकांडे चार स्क्रू काढून बदलता येईल असा. हादरे शोषायला तिच्यात पोलादी स्प्रिंगा असतात. स्वस्त करवतीत पुष्कळदा नुसती रबरे. अर्धा तास काम करणाराला हा फरक जाणवणार नाही. रोज चार-चार तास करवत धरणाऱ्याची बोटे मात्र हादऱ्यांनी बधिर होतात, पुढे पांढरी पडतात, आणि ते दुखणे सहजासहजी जात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून तासांचा हिशेब मांडा. समजा, तुमची पन्नास कलमांची बाग आहे. वर्षाकाठी छाटणी, एखाददुसरे वठलेले झाड, पावसाळ्याचे जळण. इंजिन प्रत्यक्ष चालेल ते वीस तास, फार तर तीस. अशा घरी चांगल्या कंपनीची घरगुती करवत नीट ठेवली तर वर्षानुवर्षे पुरते. तिथे दीडपट-दुप्पट पैसे घालून धंद्याची करवत आणणे म्हणजे रविवारच्या बाजाराला जायला मालट्रक घेणे. पण समजा, तुम्ही दुसऱ्यांची कामे भाड्याने घेणार आहात. रोज चार तास, वर्षातून दीडशे दिवस. झाले की सहाशे तास! इथे घरगुती करवत पुरी पडणार नाही, आणि ती वाचवलेली रक्कम दुरुस्तीत जाईल. चार वाड्यांनी मिळून एक करवत घ्यायची असेल तरी मजबूतच घ्यावी. मात्र धार लावणारा माणूस एकच ठरवावा. सामायिक विहिरीचा गाळ कोण उपसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरी एक जात बाजारात आहे : मोठा सीसी रंगवलेली, नाव-गाव नसलेली, स्वस्त. पाटीवरचा आकडा वरच्या सूत्राने ताडून पाहा, पुष्कळदा गंमत कळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात का, ते विचारा.

आणि करवत कोणतीही असो, लाकूड कापते ती साखळी; इंजिन तिला नुसते पळवते. आजच्या साखळीची कथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत ऑरेगन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडत लाकडातून सहज वाट काढीत होती. त्यावरून त्याने दात घडवले आणि १९४७ साली ती साखळी विकायला काढली. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. धार आहे की गेली, हे भुशावरून कळते. चिपट्या पडल्या तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला तर थांबा आणि गोल कानस घ्या. माडाचा बाहेरचा भाग चिवट, त्यात धार लवकर जाते. मातीला साखळी लागली तर एका क्षणात जाते. बोथट साखळीची तीन किलोवॅटची करवत धारदार घरगुती करवतीपुढे हरते.

आता जिवाची गोष्ट. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की करवत उसळून थेट तोंडाकडे येते, आणि ती इतक्या झटक्यात येते की माणसाला मान फिरवायला सवड मिळत नाही. साखळी थांबवणारा ब्रेक चालू आहे ना, हे रोज पाहावे. दोन्ही हातांनी, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून धरावी. खांद्याच्या वर नेऊ नये. आपल्याकडे ही करवत घेऊन आंब्यावर चढतात. कृपा करून चढू नका. ताकदवान करवत अधिक जोराने उसळते, म्हणून नवशिक्याने धाकटीच घ्यावी, हे आणखी एक कारण. उरलेल्या पैशांत जाळीचे शिरस्त्राण, कानाचे झाकण आणि मांड्यांना बांधायचे संरक्षक कापड घ्या. उभे झाड तोडायचे असेल, तर आंबा, फणस, साग अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या.

इंधनाचे थोडक्यात सांगतो. कंपनी ५० ला १ सांगत असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल, मापाने. अंदाजाने ओतू नये. साखळीचे तेल वेगळे, त्याची टाकी वेगळी. २०२५ साली आपल्या पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि कोकणच्या पावसाळी हवेत त्याला पाण्याला काय तोटा! म्हणून मिश्रण महिनाभराचेच करावे. जूनमध्ये करवत माळ्यावर ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणि साखळी काढून तेलात बुडवून ठेवावी.