वर्दी उतरल्यावर गुपितांचे काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात सैन्यात कोणी नाही असे गाव शोधावे लागते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलची एक शाखाही आपल्याच बेळगावात आहे. त्यामुळे इंदूरजवळचे महू हे नाव आपल्याकडे आजीलासुद्धा ठाऊक असते. सुभेदार रामजी सकपाळ तिथे नोकरीला असताना, 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तेच हे महू. 2003 पासून त्याचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर असले, तरी फौजी माणसाच्या तोंडी अजून महूच असते.

माझे दाजी सिग्नल कोअरमधले. महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये त्यांचे शेवटचे पोस्टिंग झाले. मुलांचे शिक्षण इंदुरात चालू होते म्हणून निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले. दिवाळीच्या सुट्टीत मी अक्काकडे गेले, तेव्हा घरात एकच विषय होता, दाजींची दुसरी नोकरी.

"सव्वीस वर्षं सरकारनं यांच्यावर विश्वास टाकला," अक्का फणकाऱ्याने म्हणाली, "आणि आता साध्या नोकरीला पोलीस चौकशी? तो सिक्युरिटी क्लिअरन्स गेला कुठं?"

दाजी शांतपणे म्हणाले, "अगं, तो माझा कधी नव्हताच. त्या टेबलाचा होता."

परवानगी कामाची, माणसाची नव्हे

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, पण हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत मिळाले नव्हते. आपल्याकडे सरकारी कागदांचे चार दर्जे असतात: टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. पार्श्वभूमीची तपासणी होऊन माणूस विश्वासाचा ठरला, तरी त्याला सगळे कागद उघडे होत नाहीत. हातातल्या कामासाठी जेवढे लागते तेवढेच त्याला कळावे, असा नियम. पोस्टिंग बदलले की आधीच्या टेबलावरचा हक्क संपतो. मग निवृत्तीनंतर तो संपला तर नवल काय?

निवृत्तीच्या वेळी किल्ल्या, पासवर्ड, पास, कागदपत्रे आणि सेवेतले ओळखपत्र जमा करावे लागते. पुढे जिल्हा सैनिक कार्यालयात नोंदणी होऊन माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळते. कँटीनचे कार्ड, ईसीएचएसचे कार्ड मिळते. पण ही सवलतींची कार्डे आहेत. त्यांच्या आधारे बंद दारे उघडत नाहीत. परवापर्यंत ज्या फाटकातून रोज आत जायचे, त्याच फाटकावर पाहुण्यासारखी नोंद करावी लागते. अक्काला लागले ते हेच.

अमेरिकेत मुले असलेल्या आपल्या घरांतून एक समजूत ऐकू येते, की तिकडे क्लिअरन्स आयुष्यभर चालतो. तसेही नाही. सैन्य सोडले की तोही निष्क्रिय होतो. साधारण दोन वर्षांच्या आत, तशी गरज असलेल्या पदावर माणूस रुजू झाला, तर इतर अटी पाळून तो पुन्हा चालू करता येतो. त्यानंतर बहुधा नव्याने सुरुवात. माणसाला स्वतः अर्ज करून तो घेताही येत नाही. नोकरी देणाऱ्या संस्थेनेच पुढाकार घ्यावा लागतो. तरीही तिथल्या संरक्षण कंपन्यांत अशा माणसांना मागणी असते. आपल्याकडे माजी सैनिकाला नव्या नोकरीत नवीच पडताळणी द्यावी लागते. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे. माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा त्यात आहे, पण चारित्र्य पडताळणीची अटही आहे.

संपत नाही ती जबाबदारी

आता दुसरी बाजू. परवानगी संपते, पण तोंड बंद ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. 1923 चा शासकीय गुपिते कायदा सेवेत असलेल्यांना लागू आहे, तसाच सेवेत होते त्यांनाही. गोपनीय माहिती नको त्याच्या हाती देणे, तसा कागद हक्क नसताना जवळ ठेवणे, हे गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संरक्षणविषयक हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, कायदा मोडून माहिती दिली जात आहे हे ठाऊक असताना ती घेणाराही दोषी ठरतो.

हे नियम शिपायालाच असतात असे नाही. 'रॉ'मध्ये काम केलेले निवृत्त मेजर जनरल व्ही. के. सिंग यांच्यावर, त्यांच्या पुस्तकावरून 2007 मध्ये सीबीआयने याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला. जनरल मनोज नरवणे आपले मराठी माजी लष्करप्रमुख. त्यांचे आत्मचरित्र जानेवारी 2024 मध्ये येणार असे जाहीर झाले होते, पण तपासणीसाठी ते अडले आणि ठरल्या वेळी आले नाही. 2021 मध्ये केंद्राने गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी पेन्शनचे नियमही कडक केले. संस्थेच्या कामाविषयी लिहायचे, तर आधी संस्थाप्रमुखाची परवानगी हवी.

दाजींची अडचण याहून लहान, पण रोजच्या भाकरीची होती. एका खासगी कंपनीत मुलाखतीला त्यांना विचारले गेले, "कुठले सेट हाताळलेत? पल्ला किती? कुठल्या भागात बसवले होते?" दाजी म्हणाले, "काम येतं मला. हे सांगता येणार नाही." नोकरी मिळाली नाही. नंतर एका संस्थेत सुरक्षा पर्यवेक्षकाचे काम मिळाले, पगार बराच कमी. भाच्याने हौसेने केलेल्या बायोडाटातही युनिटांची ठिकाणे आणि यंत्रांची नावे होती. दाजींनी लाल पेनने ती सगळी खोडली. हुद्दा, वर्षे, ट्रेड, किती माणसे हाताखाली होती आणि नेटवर्क देखभालीचा अनुभव, एवढेच ठेवले.

"एवढ्यानं काय बिघडलं असतं?" अक्का म्हणाली.

"एकट्या माझ्यानं काही नाही. पण असे दहा बायोडाटा कुणी शेजारी शेजारी ठेवले तर?"

याला अक्काकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

अग्निवीरांच्या घरांसाठी

हे सगळे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 मध्ये पुरी होतात. त्यांतली पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले कायम होतील, बाकीची घरी येतील. दाजींनी जे पन्नाशीच्या उंबरठ्यावर निभावले, ते या मुलांना पंचविशीच्या आसपास निभवायचे आहे. पेन्शन नाही, हातात मोबाइल आणि डोक्यावर नोकरी शोधण्याचे ओझे. सेवेत कळलेली गोपनीय माहिती कोणालाही द्यायची नाही, हे त्यांच्या भरतीच्या अटींतच लिहिले आहे. नोकरीचे आमिष किंवा गोड आवाजाचा फोन अशांनाच आधी येतो.

म्हणून घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मुलाचे जुने फोटो टाकताना मागे काय दिसते ते पाहावे. 'तुमच्या युनिटचा आहे' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाशी घरातल्या कोणीही बोलत बसू नये. ट्रंकेत एखादा सरकारी कागद निघाला, तर रद्दीत न घालता रेकॉर्ड ऑफिसला कळवावे. बायोडाटा त्याला स्वतःला वाचून पाहू द्यावा, आणि 'सांगता येणार नाही' म्हणाला तर हसू नये.

कन्नडमध्ये गुपिताला गुट्टु म्हणतात, आणि ते फुटले की 'गुट्टु रट्टायितु'. घरातल्या थट्टेत हे ठीक आहे. पण मुलगा परत आला की त्याला मेसमधल्या जेवणाविषयी विचारा, थंडीविषयी विचारा, पंजाबी नि तमिळ मित्रांविषयी विचारा. सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ असेल. उरलेले त्याच्याजवळच राहू द्या.