ओल्या कणसातले विष

धान्याला बुरशी लागली तर आपल्या घरी काय करतात? उन्हात घालतात, पाखडतात, हाताने चोळून घेतात आणि दळायला देतात. बुरशी गेली म्हणजे धान्य शुद्ध झाले, अशी आपली समजूत. ती किती घातक आहे, हे १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत दिसून आले.

हा आदिवासी मुलूख, आणि मका हे तिथले मुख्य अन्न. आधीच अवर्षणाने गांजलेला, त्यात पीक हाताशी आले असता अवकाळी पाऊस झाला. कणसे ओलीच घरात साठवली गेली. पुढे गावोगाव कावीळ दिसू लागली, रोग्यांच्या पोटात पाणी होऊ लागले. दीडशेहून अधिक गावांत सुमारे चारशे माणसे आजारी पडली, त्यांतली शंभरावर दगावली. कावीळ म्हटली की साथीचा संशय प्रथम येतो. परंतु तान्ही मुले यातून सुटली होती, आणि घरातलेच अन्न खाणारी कुत्री मात्र मरत होती. म्हणजे दोष त्या अन्नात होता.

मक्यावर वाढलेल्या बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्लेवस, आणि तिच्या विषाचे अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडात भुईमुगाची पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा सुगावा लागला. ते यकृतावर घाला घालते. थोडेथोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग संभवतो. बुरशी हा जीव आहे, तो पुसता येतो, मारता येतो. विष हा दाण्यात मुरलेला पदार्थ. भाकरीच्या तव्याला तो दाद देत नाही.

आता मात्रा पाहा. आजच्या भारतीय नियमाप्रमाणे किलोभर धान्यात १५ मायक्रोग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन चालते, म्हणजे क्विंटलभर धान्यात दीड मिलिग्रॅम. पंचमहालातील माणसांच्या पोटात रोज २ ते ६ मिलिग्रॅम जात असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज होता! असला मका फेकून द्यावा, हे शहरात बसून सांगणे सोपे. ज्याच्या कणगीत दुसरा दाणाच नाही, त्याने काय फेकावे?

आपल्याकडेही हा धोका आहे. शाळू कोरड्या हवेत पिकतो म्हणून बहुधा स्वच्छ असतो. खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात सापडली की काळी पडते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत अशी भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांच्या पोटात मुरडा आला, जुलाब लागले. तिथली बुरशी निराळी, फ्युजेरियम जातीची, विषही निराळे.

तेव्हा उपाय करायचा तो मळणीच्या वेळी. साठवणीच्या दाण्यातला ओलावा शेकडा १३-१४ च्या वर नसावा. तो मोजायला यंत्र नसेल तर कोरड्या बाटलीत थोडे धान्य आणि चमचाभर अगदी सुके मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर धान्य ओले. मग आणखी ऊन द्यायचे. पण आभाळ भरून आले असेल तर ऊन आणायचे कुठून? तिथे वाळवणीचे यंत्रच लागते. एकट्या लहान शेतकऱ्याला ते परवडत नाही; गावाने सोसायटीमार्फत मिळून घ्यावे लागते, आणि तेही पीक खळ्यावर येण्याच्या आत.