मेगॅलोप्रेपस

मध्य व दक्षिण अमेरिकेतील वर्षावनांत राहणाऱ्या टाचण्यांची एक प्रजाती. टाचण्या या चतुराच्याच ओडोनेटा गणातील, पण सडपातळ शरीराच्या आणि विसाव्याच्या वेळी बहुधा पंख मिटून पाठीवर धरणाऱ्या कीटकांचा उपगण (झायगॉप्टेरा) होय. हयात चतुर-टाचण्यांत पंखांचा सर्वांत मोठा विस्तार या प्रजातीत आढळतो; तो १९ सेंमी.पर्यंत असू शकतो. पंखांच्या टोकाकडील भागावर गडद निळा पट्टा असतो. हा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पंखाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो.

मादी झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात अंडी घालते. डिंभ (अंड्यातून निघून पाण्यात वाढणारी अवस्था) डासांच्या अळ्या, बेडकांची पिले व प्रसंगी स्वजातीय डिंभही खातात. प्रौढ कीटक जाळ्यात बसलेले कोळी उचलून नेतात. ढोल्यांवरील या अवलंबनामुळे मेगॅलोप्रेपस दाट अरण्याबाहेर सहसा आढळत नाही.

लंडनचे संग्राहक ड्रू ड्र्युरी यांनी १७८२ मध्ये सेरुलेटस या जातीचे वर्णन केले. रांबूर यांनी १८४२ मध्ये तिच्यासाठी मेगॅलोप्रेपस ही प्रजाती स्थापली. बेल्जियन कीटकवैज्ञानिक सेलिस-लाँगशाँ यांनी १८६० मध्ये लॅटिपेनिस (रुंद पंखांची) व ब्रेव्हिस्टिग्मा (पंखाच्या कडेवरील रंगीत ठिपका आखूड असलेली) अशी आणखी दोन रूपे वेगळी केली. ती स्वतंत्र जाती, उपजाती, की एकाच जातीतील चढउतार याविषयी पुढे एकमत झाले नाही व दीर्घकाळ संपूर्ण प्रजातीत सेरुलेटस ही एकच जाती मानली गेली.

या अनिश्चिततेचे कारण बव्हंशी संग्रहांत होते. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा केवळ देशाचे नाव असते. वाळल्यावर शरीराचे रंग मावळतात आणि लांब, नाजूक उदराचे टोक मोडते. नराच्या उदराच्या टोकाशी मादीला पकडण्याचे चिमट्यासारखे अवयव असतात व टाचण्यांच्या जाती ओळखण्यास तेच फार उपयोगी पडतात; तेव्हा ही हानी लहान नव्हे. शिवाय एका ठिकाणचे दोनतीनच नमुने हाती असल्यास दिसणारा फरक प्रदेशाचा की त्या एका कीटकाचा, हे सांगता येत नाही. सेलिस यांची दृष्टी चुकली नव्हती, पुरावा तोकडा होता. तथापि संग्रहालयातील नमुने टाळून चालत नाही, कारण नाव हे मूळ प्ररूपाशी (ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन केले त्याच्याशी) बांधलेले असते. अरण्यातून आणलेल्या ताज्या नमुन्याला जुने नाव द्यावयाचे की नवे, याचा निर्णय त्याच्याशी ताडून पाहूनच करावा लागतो.

पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर ओला फिंके यांनी या टाचणीच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध झालेल्या अशा क्षेत्रीय सामग्रीमुळे प्रदेशवार तुलना शक्य झाली. २०१४ मध्ये फाइंट, फिंके व हाड्रिस यांनी निरनिराळ्या अरण्यांतील समूहांत डीएनएच्या बाबतीत फार मोठे अंतर असल्याचे दाखविले. केवळ डीएनएवरून नाव देणे इष्ट नसल्याने फाइंट व हाड्रिस यांनी पूर्वीच्या वर्गीकरणाचा इतिहास, शरीररचना व आनुवंशिक माहिती यांची एकत्र छाननी केली. २०२२ मध्ये त्यांनी निदान चार जाती मान्य केल्या : ड्र्युरी यांची सेरुलेटस, सेलिस यांच्या पुन्हा जातीचा दर्जा मिळालेल्या लॅटिपेनिस व ब्रेव्हिस्टिग्मा, आणि कोस्टा रीकाच्या दक्षिण पॅसिफिक किनाऱ्यावरील डायाबोली ही नवी जाती.

हा बदल केवळ नावांचा नाही. जाती एकच असताना ती मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेली समजली जाई व एखाद्या अरण्यातून ती नाहीशी झाली, तरी अन्यत्र टिकून आहे असे म्हणता येई. आता प्रत्येक जातीचा प्रदेश पूर्वीपेक्षा पुष्कळच लहान ठरतो. मेक्सिकोतील लोस तुस्त्लास येथील अरण्याचा मोठा भाग गुरांच्या कुरणांसाठी तोडला गेला आहे. तेथील टाचणी लॅटिपेनिस जातीची असून उरलेल्या तुटक वनखंडांतील ढोल्यांवरच तिचा तेथील निर्वाह अवलंबून आहे.