पाणंदीतला टर्बो

औसा तालुक्यातली काळी जमीन गाडीची वर्षातून दोनदा परीक्षा घेते. जुलैत पाणंदीतली माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि फोर बाय फोर गाडीची चाकंसुद्धा जागच्या जागी फिरायला लागतात. एप्रिल-मेमध्ये तीच माती पिठासारखी धूळ होऊन बॉनेटखाली शिरते आणि तेव्हा पारा बेचाळिसाच्या आसपास असतो. नागपूर-तुळजापूर महामार्गावर थार किंवा स्कॉर्पिओ सुसाट जाते तेव्हा तिच्याबद्दल काहीच कळत नाही. महामार्ग सोडून शेताकडे वळलं, लो गिअर टाकला, की गाडी काय आहे ते समजतं.

या गाड्यांना कंपनीबाहेर बनवलेले भाग बसवण्याची हौस आता लातूर-औशापर्यंत येऊन पोचली आहे. मोठा इंटरकूलर, वर काढलेला स्नॉर्केल, मोकळा सायलेन्सर, इंजिनाच्या संगणकात बदललेला प्रोग्रॅम म्हणजे रिमॅप. पोरं मोबाइलवर आकडे दाखवतात: इतके पीएस, म्हणजे अश्वशक्ती, वाढले, इतका टॉर्क वाढला. ही हौस मला मनापासून आवडते, कारण तिच्यामागे यंत्र समजून घेण्याची ओढ आहे. तक्रार एकच आहे. पाणंदीत चालणाऱ्या गाडीचा भाग अश्वशक्तीवर मोजायचा नसतो. उष्णता, धूळ आणि पाणी यांच्यात तो किती वेळ आपलं काम करत राहतो, यावर मोजायचा असतो. बाजारात मात्र पहिलंच माप चालतं.

ही भूक आली कुठून, हे पाहायला थेट अमेरिकेत जावं लागेल. महिंद्राने २०१० मध्ये जी थार आणली तिच्या सीआरडीई मॉडेलमध्ये अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन होतं: १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क. १९४७ पासून विलीज जीप जोडणाऱ्या कंपनीच्या घराण्यातली ती गाडी. तिचंच एक भावंड मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत उतरलं. नाव रॉक्सर. सुटे भाग भारतातून जायचे आणि जोडणी मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्स इथे व्हायची. ती रस्त्यावर चालवायला नव्हतीच. शेत, जंगल, खासगी जमीन एवढ्यासाठीच विकली जायची. म्हणून तिचा वेग ताशी ४५ मैलांवर, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरवर बांधून टाकला होता आणि तिचं अडीच लिटरचं टर्बो डिझेल ६२ अश्वशक्ती, १९५ न्यूटन-मीटर एवढंच द्यायचं.

पुढे काय झालं असेल, हे कोणताही मेस्त्री सांगेल. टर्बो आहे, इंटरकूलर आहे, फक्त संगणकाने लगाम धरलाय. तिथल्या ट्यूनिंगवाल्यांनी तो लगाम सैल करणारे प्रोग्रॅम बनवले, हवा घेणारे पाइप बदलले, गाडी उचलणारे सस्पेन्शन किट काढले. जीपसारखं दिसण्यावरून फियाट क्रायस्लरने खटला भरला, २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने महिंद्राच्या विरोधात निकाल दिला, मग चेहरा बदलून सुधारित रॉक्सर पुढे आली. तो सगळा वाद तोंडवळ्याचा होता. आपल्या कामाचा मुद्दा हा, की १०५ आणि ६२ यांच्यामधली जागा वरवर पाहता मोकळी सोडल्यासारखी दिसते.

नाशिकला बनणाऱ्या नव्या थारचं गणित असंच दिसतं. २ ऑक्टोबर २०२०ला, कंपनीच्या पंचाहत्तराव्या स्थापनादिनी ती बाजारात आली. तिच्यातलं दोन लिटरचं एमस्टॅलियन पेट्रोल इंजिन १५० पीएस देतं. त्याच घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस देतं. डिझेलमध्ये २.२ लिटरचं एमहॉक थारमध्ये १३० पीएस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्समध्ये १७५ पीएसपर्यंत जातं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणाचेही डोळे चमकतील. पण एका घराण्याची इंजिनं एकसारखी नसतात. टर्बो वेगळा असू शकतो, गिअरबॉक्सची पेलण्याची हद्द वेगळी, रेडिएटरचा आकार वेगळा. फोर्स मोटर्सच्या गुरखाचंच पाहा. २०२१ मध्ये तिचं २.६ लिटर डिझेल ९१ पीएस देत होतं, २०२४ मध्ये १४० पीएस द्यायला लागलं. तिच्यावर स्नॉर्केल आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे लॉक कारखान्यातूनच येतात. बाहेरचे ट्यूनर जे एका दुपारीत करायला निघतात, ते करायला कंपनीला चाचणी, प्रमाणन, सगळं पार पाडावं लागतं.

आता टर्बोच्या पोटात जरा शिरू. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. कल्पना सरळ आहे: सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात हवा कोंबायची. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांच्या पुढे जातो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हवा दाबली की ती तापते. ही तापलेली हवा हाच टर्बो गाडीचा खरा शत्रू आहे.

औशाच्या मे महिन्यातली दुपार घ्या. बाहेरची हवा ४२ अंश. टर्बोने ती दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १४० अंशांच्या घरात जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून मध्ये इंटरकूलर. त्याने ती ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये जाणारी हवा जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढते. पण महामार्गावर ताशी ८०च्या वेगाने इंटरकूलरवर वारा आदळतो. पाणंदीत लो गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने जाताना वारा येतो फक्त पंख्याचा. इंटरकूलर हळूहळू तापत जातो. आतली हवा ९० अंशांवर आली, की ६० अंशांच्या तुलनेत आठ टक्के हवा कमी झाली. ड्रायव्हर म्हणतो, गाडी आता ओढत नाही. संगणक इंजिन वाचवण्यासाठी आणखी ताकद कमी करतो. चिखलात रुतल्यावर ज्या क्षणी टॉर्क हवा, नेमका तेव्हा तो नसतो.

म्हणून मोठा इंटरकूलर हा रिमॅपपेक्षा प्रामाणिक भाग आहे, असं मी मानतो. तो बनवणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्या आत-बाहेर नागमोडी पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, असा त्याचा गाभा असतो. फिन्स जितक्या दाट, तितकी उष्णता जास्त निघते. पण आतल्या बाजूला तेवढा हवेला अडथळाही होतो. हवेचा दाब आत शिरताना दोन बार असला आणि बाहेर पडताना ०.१५ बारने कमी झाला, तर साडेसात टक्के हवा तिथेच गेली, किंवा ती भरून काढायला टर्बोला जादा फिरावं लागलं. थंडावा कमावला आणि दाब गमावला, असं होऊन चालत नाही. जो ट्यूनर फक्त आकाराने मोठा इंटरकूलर दाखवतो आणि दाबातली घट सांगत नाही, त्याने अर्धंच माप दिलेलं असतं.

बाहेरच्या फिन्सचा प्रश्न तर आपल्या मातीशी थेट येऊन भिडतो. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्राजवळ ट्रॅक्टर उभा राहिला, की तासाभरात त्याच्या रेडिएटरची जाळी गुळीने, म्हणजे मळणीच्या भुशाने, भरते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलंय. इंटरकूलर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या आसपासच, नाकाच्या बाजूला असतो. दाट फिन्सचा इंटरकूलर डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, छान आकडे देतो आणि काढणीच्या आठवड्यात गुळी, धूळ, चिखल यांनी बंद होतो. काळी माती त्या फिन्समध्ये सुकली की विटेसारखी घट्ट बसते. मग सर्व्हिसिंगला जोरदार पाण्याचा फवारा मारतात आणि फिन्स आडव्या पडतात. भाग स्वच्छ दिसतो, पण हवा जात नाही. आपल्याकडच्या गाडीसाठी थोडी विरळ फिन, जाड पट्टी आणि समोर काढून धुता येईल अशी जाळी हवी. एखाद्या डायनोच्या कागदावर ती दोन-चार पीएस कमी दाखवेल. मला तीच हवी.

रिमॅपबद्दल सावधपणे बोललं पाहिजे. ट्यूनर संगणकातला नकाशा उघडतो: किती दाबाला, किती फेऱ्यांना, किती डिझेल. तो आकडे वाढवतो. डिझेल वाढवून हवा वाढवली नाही, तर गाडी काळा धूर मारते आणि धुराबरोबर एक्झॉस्टचं तापमानही वाढतं. टर्बाइनच्या आधीचं तापमान सातशे-साडेसातशे अंशांच्या पुढे सतत राहिलं, तर पिस्टनचा माथा आणि टर्बोची पाती धोक्यात येतात. चांगला ट्यूनर म्हणून आधी तिथे तापमानाचा सेन्सर बसवतो, मग नकाशाला हात लावतो. आणि तो ताकद वरच्या टोकाला न वाढवता खाली भरतो. थार डिझेलचा ३०० न्यूटन-मीटरचा टॉर्क १६०० ते २८०० फेऱ्यांमध्ये मिळतो, पाणंदीत काम तिथेच असतं. चार हजार फेऱ्यांना वाढलेले पीएस कोणाला? लातूरच्या रिंग रोडवर शर्यत लावणाऱ्याला.

आणखी वाईट प्रकार म्हणजे धुराची गाळणीच काढून टाकणं. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो काढला की गाडी मोकळी होते, असं सांगतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या हिशोबानुसार तिथे दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची अशी तोडमोड झाली होती. ते लोण आपल्याकडे आणू नये. गावातल्या रस्त्यावर सकाळी पोरं शाळेला चालत जातात, त्यांच्या नाकासमोर आपला एक्झॉस्ट असतो.

स्नॉर्केल हा आणखी एक गैरसमजाचा भाग. तो हवा वरून घेतो, त्यामुळे पाण्यात इंजिन पाणी ओढत नाही, हे बरोबर. नव्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते आणि स्नॉर्केल लावला म्हणून ती आपोआप वाढत नाही. गाडी तास-दोन तास चालून गरम झालेली असते, मागच्या डिफरन्शियलमधलं तेल गरम असतं. ती तशीच नाल्यात उतरली की आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. महिन्याभराने तेल काढलं की ते दुधी रंगाचं निघतं. म्हणून स्नॉर्केल बसवणाऱ्याने डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या, नळ्या वर उचलून दिल्या नाहीत, तर त्याने काम अर्ध्यावर सोडलं. शिवाय स्नॉर्केलच्या सांध्यांत फट राहिली, तर गाळणीच्या आधी धूळ आत येते. गाळणीनंतरच्या पाइपात फट राहिली, तर थेट टर्बोच्या पात्यांवर. मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारणाऱ्या पात्याला काळ्या मातीचा एक कण पुरतो.

कायदा काय म्हणतो, तेही ठाऊक असायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने न चालणाऱ्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. मंजूर किटच्या मार्गाने बदलाला वाट ठेवली आहे आणि पुण्याची एआरएआय, १९६६ पासूनची संस्था, अशाच तपासण्या करते. गाडीची वॉरंटी मात्र बदल केला की अडचणीत येते, हे पैसे मोजण्याआधी माहीत असावं.

चाचणीचं एक काम इथे, औशातच होऊ शकतं. पुण्यात डायनो आहे, पण मेची दुपार, काळी धूळ, गुळी आणि पाणंदीचा चिखल आपल्याकडे आहे. लातूरच्या तंत्रनिकेतनातल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम जमेल. पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी देशभरातली मुलं ऑफ-रोड बग्गी स्वतः बांधतातच. इंटरकूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपात एकेक थर्मोकपल, दोन्हीकडे दाबाचा सेन्सर, टर्बाइनच्या आधी तापमानाचा सेन्सर, आणि नोंद ठेवायला एक साधा लॉगर. गाडी लो गिअरमध्ये ठरलेल्या पाणंदीत अर्धा तास चालवायची, आधी कंपनीच्या भागावर, मग बाहेरच्या. पुन्हा काढणीनंतर फिन्स भरलेल्या अवस्थेत. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान किती चढलं, दाब किती घटला, धुऊन झाल्यावर पहिल्या जागी आला का. असा कागद जो कारखानदार आपल्या भागाच्या खोक्यात घालून देईल, त्याला औशात गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. बाकीच्यांच्या डायनोच्या आलेखाला मी तरी पैसे मोजणार नाही.