परवाना आहे, तालीम कुठे?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम परवाना कुणाला आणि कशासाठी द्यायचा ते सांगतं. त्यात पिकांच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची वेगळी नोंद आहे. गरज खरी असेल तर असा परवाना द्यावा, असं कायदा म्हणतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ‘शेतीसंरक्षण परवाना’ म्हणतात तो हाच. आपल्याकडचा सर्वांत साधा बंदूकधारी म्हणजे हा भात, काजू आणि नारळ राखणारा शेतकरी. पण ‘बंदूकवाला’ म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर तो सहसा येत नाही.

ही बंदूक भरायची कशी ते नीट पाहण्यासारखं आहे. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, मग गजानं ठासायचं. त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. मागे टोपी बसवली की घोडा ओढायचा तेवढा बाकी राहतो. काडतुसाच्या बंदुकीतून काडतूस काढलं की ती रिकामी होते. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही. भरलेला बार एकतर उडवावा लागतो, नाहीतर खटपट करून नळीतून उपसावा लागतो. त्यामुळे रात्री डुकरांसाठी भरलेली बंदूक, डुकरं फिरकली नाहीत तर, भरलेलीच खुंटीला लागते. दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणी ती रिकामी समजून पुन्हा भरली तर एकावर एक दोन बार बसतात आणि नळी फुटण्याची वेळ येते. यावर जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. रिकाम्या नळीत गज सोडून तो तोंडाशी कुठवर येतो तिथे खूण करून ठेवायची. पुढे कधीही शंका आली तर आधी टोपी उतरवायची आणि गज नळीत सोडून पाहायचा. खूण वर राहिली तर आत बार आहे.

ही एवढीशी गोष्टसुद्धा कुणी शिकवली तरच कळते. आणि ती शिकवण्याची जबाबदारी आपल्या कायद्यानं कित्येक दशकं कुणावरच टाकली नव्हती.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र सूट होती. परवाना देताना सरकार पाहत होतं ते अर्जदाराचं इमान. त्याला शस्त्र हाताळता येतं की नाही याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. या कायद्याचा राग इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. कुणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा रोख होता. त्याच उत्तरात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला: भर द्यायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर न देता शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर द्यावा. मला या साऱ्या चर्चेत हे सर्वांत मोलाचं वाटतं. कर्तव्य म्हटलं की त्यामागे शिक्षण येतं. पण १९५९ चा कायदा आला तेव्हाही चौकशी उरली ती चारित्र्याची, गुन्ह्यांच्या नोंदीची आणि गरजेची.

तालीम वाढली ती दुसरीकडे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार होता लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचा. अहमदाबादेत स्थायिक झालेल्या या माणसाचं घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. आजही देशातल्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेची वाट शोधताना ‘मावळंकर’ स्पर्धेचं नाव घ्यावं लागतं. त्याच काळात एनसीसीनं कॉलेजातल्या मुलामुलींच्या हातात पॉइंट टू-टू रायफल दिली. अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळाकडे वळल्या. पुढे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं.

या खेळातली शिस्त बघण्यासारखी असते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तो गाठण्यासाठी मुलं महिनोन्‌महिने गोळीशिवाय सराव करतात: उभं राहणं, श्वास, ट्रिगरवरचा दाब. रेंजवर हुकूम होईपर्यंत रायफलला हात लावायचा नाही. चेंबर रिकामं आहे हे लांबून दिसावं म्हणून त्यात रंगीत सेफ्टी फ्लॅग खोचायचा. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. बारा-तेरा वर्षांचं पोरही या बाबतीत चुकत नाही, कारण चुकलं तर त्याला त्या दिवशी रेंजबाहेर बसवतात.

आणि समाज या मुलांकडे कसा पाहतो? कोल्हापूरनं स्वप्नीलला डोक्यावर घेतलं. त्याच्या हातातल्या रायफलची कुणाला भीती वाटली नाही. पण शेजाऱ्यानं स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना काढला असं कळलं, की सोसायटीत कुजबुज सुरू होते. ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे, कमरेचं पिस्तूल दिसेल असा शर्ट घालून मिरवणारे आपण पाहिले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा ‘आनंदाच्या’ गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आणि एका परवान्यावरच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. दुसरीकडे, गुन्ह्यांत सापडणारी बहुतेक हत्यारं विनापरवाना असतात. गावठी कट्ट्याची बदनामी परवानाधारकाच्या खात्यावर जमा होते, हा अन्यायच आहे.

अमेरिकेत हे चित्र कसं पालटलं ते इथे आठवावं. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये न्यू यॉर्कला निघाली ती यादवी युद्धातल्या सैनिकांची नेमबाजी फार कच्ची होती म्हणून. शंभर वर्षं तिचं मुख्य काम शिकवण्याचं होतं. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटानं तिची सूत्रं घेतली आणि संघटना राजकारणात पुरती उतरली. ती आजही वर्ग चालवते, पण अमेरिकन माणूस तिला ओळखतो तो कायद्यांविरुद्ध लढणारी म्हणून, आणि बंदूक घरात असणं हीच तिथे राजकीय बाजू ठरते. आपल्याकडे ती फाळणी झालेली नाही. म्हणून अजून काम करता येण्याजोगं आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी पहिल्यांदा अर्जदाराकडे सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं: शस्त्र कसं ठेवायचं, कसं न्यायचं, कसं झाडायचं. योग्य पाऊल होतं, उशिराचं. पण रेंज आहेत मुंबई, पुणे, कोल्हापूरसारख्या शहरांत आणि ठासणीच्या बंदुका आहेत दोडामार्गाच्या डोंगरात. ऑलिम्पिकच्या सरावात ठासणीची बंदूक येतच नाही. त्या शेतकऱ्याला कुणी काय शिकवायचं? रानडुक्कर समजून झाडलेला बार साथीदारालाच लागला, अशा बातम्या कोकणातून, पालघरमधून येत राहतात. त्यातली शिकार बहुतेक वेळा बेकायदाच असते, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे. पण मृत्यू होतो तो बेकायदेशीरपणामुळे नव्हे. अंधारात काय हललं ते ओळखल्याशिवाय घोडा ओढल्यामुळे. रेंजवरच्या पोराला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते.

सरकारची आणि या शेतकऱ्याची गाठ पडते ती निवडणुकीला. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सरसकट जमा न करता जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीनं एकेका परवान्याचा विचार करावा, अशी पद्धत ठरलेली आहे. तरी शेतकऱ्यांची तक्रार दर वेळी असतेच, आणि ती खरी आहे. २०२४ ची लोकसभा आंबा-काजूच्या हंगामात आली, विधानसभा भातकापणीच्या सुमारास. ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही, त्याला ऐन राखणीच्या दिवसांत संशयितासारखी बंदूक ठाण्यात नेऊन द्यावी लागते.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. परवाना नूतनीकरणाच्या वेळी हे सगळे लोक तालुक्याला येतातच. त्यातला एक दिवस ठरवा. जिल्हा नेमबाजी संघटनेकडून प्रशिक्षक बोलवा, ठासणीची बंदूक जन्मभर वापरलेला एखादा जाणता शेतकरी त्यांच्या शेजारी उभा करा, आणि भरलेली बंदूक कशी ओळखायची, कशी रिकामी करायची, कुलपात कशी ठेवायची हे दोन तास दाखवा. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो एक मंडप, एक फळा आणि तहसीलदारांची सही असलेलं पत्र.