शोषितांची रंगभूमी
लोकशिक्षण व समाजपरिवर्तन यांसाठी प्रेक्षकांनाच नाट्यकृतीत सहभागी करून घेणारी नाट्यपद्धती. ब्राझीलचा नाटककार आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) हा तिचा प्रवर्तक. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये अटक व छळ केल्यानंतर त्याने देश सोडला. पुढे पेरूतील साक्षरता-मोहिमेत (१९७३) त्याने ही पद्धती विकसित केली. तीवर शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरी याच्या विचारांचा प्रभाव आहे. तीतील ‘फोरम’ या प्रकारात अन्यायाचा प्रसंग प्रथम पीडिताच्या पराभवापर्यंत दाखवितात. पुनःप्रयोगात कोणीही प्रेक्षक नाटक थांबवून पीडिताची जागा घेतो व पर्यायी कृती करून पाहतो. इतर पात्रे त्याला विरोध करतात. त्यामुळे तयार उत्तर न मिळता प्रतिकाराची सामुदायिक तालीम होते. भारतात पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृती’ने (स्थापना १९८५) ही पद्धती खेड्यांत रुजविली.